ॲव्हरेजचा स्क्रू नसतो!

जुनी मोटरसायकल घेऊन कुठेही उभे राहा, पाच मिनिटांत कोणीतरी जवळ येऊन विचारतंच, "ॲव्हरेज किती देते?" ब्रेक लागतात का, गाडी एका किकमध्ये सुरू होते का, हे सगळं नंतर. आणि आपण आकडा सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं: "कार्बोरेटर सेट करून घ्या, अजून पाच-सात वाढेल."

तर मंडळी, आजचं लिखाण या दुसऱ्या वाक्याच्या विरोधात आहे. ज्या स्क्रूला आपण ॲव्हरेजचा स्क्रू समजतो, त्याचा ॲव्हरेजशी जवळजवळ संबंध नाही. तो कशासाठी असतो ते माहीत नसल्यामुळे गाड्या सिग्नलला बंद पडतात, मग त्या विकल्या जातात, आणि वर खापर पेट्रोलवर फुटतं. गेल्या वर्ष-दीड वर्षात तर हे फारच वाढलंय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

माझी गाडी म्हणजे बाबांची गाडी. २००३ ची हीरो होंडा स्प्लेंडर, ९७.२ सीसी. (हीरो आणि होंडा यांची फारकत होऊनही आता जमाना झाला.) घेतली तेव्हा मी टाकीवर बसायचो, आता ऑफिसला नेतो. २०१८ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा फेरनोंदणी झाली, २०२३ मध्ये पुन्हा झाली, आता पुढची २०२८ ला. तोपर्यंत ती धडधाकट ठेवायची, एवढी साधी महत्त्वाकांक्षा आहे. राहतो भूगावला. बाहेरच्यांना भूगाव म्हटलं की २०१७ ची महाराष्ट्र केसरी आठवते, आम्हा आयटीवाल्यांना चांदणी चौकाचं ट्रॅफिक आठवतं. असो.

पण हा रस्ता कार्बोरेटर समजून घ्यायला फार सोयीचा आहे. कार्बोरेटर म्हणजे एक नळी, मध्ये अरुंद केलेली. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. बारावीच्या भौतिकशास्त्रातला बर्नोली, बाकी काही नाही. गंमत पुढे आहे. एकच जेट सगळ्या वेगांना पुरत नाही, म्हणून आत दोन-तीन वेगळे रस्ते केलेले असतात. ॲक्सिलरेटर बंद असताना किंवा जेमतेम उघडलेला असताना पेट्रोल येतं पायलट जेटमधून. पाव ते पाऊण उघडला की कारभार सुईकडे जातो. पूर्ण पिळला की मेन जेट. आणि बाहेरून दिसणारा, सगळ्यांचे हात ज्याच्याकडे वळवळतात तो मिक्श्चरचा स्क्रू फक्त पहिल्या रस्त्यावर बसलेला असतो.

आता सकाळी नऊला भूगावहून निघा. बावधनपर्यंत गाडी सरकत असते, पहिला-दुसरा गिअर, क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. हे सगळं पायलट जेटचं राज्य. इथे स्क्रू महत्त्वाचा. उलट रविवारी दुसऱ्या दिशेला निघून भुकूमच्या पुढे पिरंगुटचा घाट चढायला लागा. तिथे गाडी सुईवर आणि मेन जेटवर चालते, तो स्क्रू दोन फेरे इकडे काय नि तिकडे काय, फरक कळणार नाही. घाट उतरताना मात्र ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फट्-फट् असे फटाके वाजायला लागले, तर बहुतेक वेळा पायलटचं मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. (सायलेन्सरचं पॅकिंग फुटलं असलं तरी असा आवाज येतो, तेही बघा.)

थोडक्यात, ॲव्हरेज ठरतं जिथे आपण किलोमीटर कापतो तिथे, आणि स्क्रू चालतो जिथे आपण जवळजवळ उभे असतो तिथे. मी टाकी ते टाकी हिशेब एका शीटमध्ये ठेवतो (हो, त्याला ग्राफसुद्धा आहे, हसू नका). स्क्रू पाव फेरा फिरवल्याचा फरक त्या ग्राफमध्ये शोधूनही सापडत नाही. मागच्या टायरमध्ये हवा कमी असलेला महिना लगेच दिसतो.

ॲव्हरेजसाठी स्क्रू लीन केला की काय होतं बघा. सकाळी गाडी लवकर पकडत नाही, म्हणून चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवायचा. सिग्नलला बंद पडते, म्हणून मेकॅनिक रेसचा स्क्रू वाढवून देतो. मग गाडी दिवसभर उभ्या उभ्या गुरगुरत राहते आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच पिते. एवढं करूनही आकडा वाढला नाही की पुढची पायरी येते, सुई एक खाच खाली आणि मेन जेट एक नंबर लहान. इथे मात्र खरं नुकसान आहे. घाटात पूर्ण पिळलेल्या इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की ते तापतं, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो, आणि लिटरमागे दोन किलोमीटर वाढवायला गेलेला माणूस हेड उघडायचा खर्च करून येतो.

हे वेड आलं कुठून? १९८५ साली सीडी १०० आली ती 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' अशी जाहिरात करत. भरा, बंद करा, विसरा. जाहिरात उत्तमच होती आणि गाडीही तशीच होती. पण आपण त्यातलं 'विसरा' फारच मनावर घेतलं. मशीन विसरलो आणि आकडा तेवढा लक्षात ठेवला. पौड रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्या काकांना मी सरळ विचारलं, "काका, खरंच ॲव्हरेज वाढतं का हो याने?" ते हसले. म्हणाले, "साहेब, म्या स्क्रू फिरवला न्हाई तर गिऱ्हाईक म्हणतंय काम केलं न्हाई. म्हनून फिरवतो अन् परत हाय तिथं आणून ठेवतो." इतका प्रामाणिक सपोर्ट इंजिनिअर मी आमच्या कंपनीतही पाहिलेला नाही :)

आता पेट्रोलचं. जुन्या गाडीवाल्यांच्या गप्पांत सध्या एकच विषय आहे, ई-२०. २०२३ पासून पंपांवर यायला लागलेलं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर झालं. जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचा पर्याय ठेवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. म्हणजे आता हेच पेट्रोल आहे. वैयक्तिक मत विचाराल तर, पंपावर किमान एक नळी जुन्या गाड्यांसाठी ठेवायला हवी होती. २००३ ची गाडी ज्याच्याकडे आहे तो बहुतेक वेळा हौशी नसतो, दुसरी घेणं परवडत नाही म्हणून ती चालवत असतो. आमच्या सोसायटीत दूध टाकणारे, इस्त्रीचे कपडे नेणारे, पिरंगुटच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे, सगळे याच वयाच्या गाड्यांवर असतात. त्यांना कोणी विचारलं नाही.

पण तक्रार एका बाजूला ठेवून गणित करू. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई-२० ला लागते साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला यातलं काहीच कळत नाही, तो जेटच्या भोकातून जेवढं यायचं तेवढंच सोडतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बेतलेली गाडी ई-२० वर आपोआप सात-आठ टक्के लीन चालते. आपण पुणेकर जरा नशीबवान, कारण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हवा विरळ असल्याने मिश्रण तीनेक टक्के रिच होतं. तेवढी भरपाई सह्याद्री करतो. ताम्हिणी उतरून माणगावला गेलात की तीही गेली.

नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत ही दुरुस्ती सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर क्षणाक्षणाला करत असतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच, आणि तांत्रिकदृष्ट्या ते योग्यच झालं. मी काही कार्बोरेटरचा भक्त नाही. पण ज्याच्या घरी तो आहे, त्याच्या गाडीत सेन्सर म्हणजे त्याचा स्वतःचा कान. हे काम दुसऱ्या कोणाकडे देता येत नाही, कारण गॅरेजवाल्याला तुमची गाडी दहा मिनिटं ऐकायला मिळते आणि तुम्हाला रोज तासभर.

दुसरीकडे, सगळंच इथेनॉलवर ढकलणंही बंद करा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ई-२० वर ३ ते ४ टक्के घट धरली आहे. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्नच्या आसपास येईल. तुमची पंचेचाळीसवर आली असेल तर ब्रेक घासत असेल, चेन सुकली असेल किंवा एअर फिल्टर तुंबला असेल.

माझी सेटिंगची पद्धत सांगतो. आधी फिल्टर, प्लग आणि टॅपेट. हे तिन्ही ठीक नसतील तर स्क्रूला हात लावू नका, म्हणजे एका बगवर दुसरा बग चढणार नाही. मग पिरंगुटपर्यंत एक चक्कर मारून इंजिन चांगलं गरम करायचं आणि उघड्यावर उभं राहायचं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी बंद करून स्क्रू हळूच पूर्ण आत न्यायचा, किती फेरे गेले ते मोजून लिहून ठेवायचं आणि तेवढाच परत बाहेर आणायचा. हा आपला बॅकअप. आत नेताना आवळायचा नाही. टोक नाजूक असतं, एकदा चेपलं की कुठलंच सेटिंग टिकत नाही.

यानंतर लोक जिथे हमखास चुकतात ती जागा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की मिश्रण रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. दोन गाड्यांचा नियम एकमेकांच्या बरोब्बर उलटा! त्यामुळे "अर्धा फेरा बाहेर काढ" हा मित्राचा सल्ला त्याच्या गाडीपुरता. आपल्या गाडीत तो कुठे आहे ते आधी बघायचं.

मग गाडी सुरू करून पाव पाव फेरा. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबायचं. इंजिन लगेच उत्तर देत नाही, आणि घाई केली की मागच्या बदलाचं उत्तर आपण पुढच्या बदलाच्या नावावर लिहितो. एका जागी आवाज सगळ्यात भरीव आणि सगळ्यात जलद होतो, दोन्ही बाजूंना तो पडतो किंवा अडखळतो. ती जागा सापडली की रेसचा स्क्रू सोडून आयडलिंग खाली आणायचं. या गाड्यांचं असतं मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास. मीटर नसतो, पण कान महिन्याभरात शिकतो. शेवटी ॲक्सिलरेटर झटकन पिळून बघायचा. इंजिन आधी दबकून मग उठलं तर अजून थोडं रिच हवंय. ई-२० आल्यापासून माझ्या गाडीला आधीपेक्षा साधारण पाव फेरा रिच लागतो. घाटातही ओढ कमी वाटत असेल आणि सुईला खाचा असतील, तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर. मेन जेट मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच. आणि मुळशीच्या पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवा. इथेनॉल पाणी धरतं, आणि वाटीच्या तळाशी साचलेलं पाणी कुठल्याही स्क्रूने निघत नाही.

हे सगळं कानावर सोडायचं नसेल तर मोजमापाची सोय आहे, आणि तिचे पैसे आपण दर सहा महिन्यांनी भरतोच. पीयूसी! त्या तपासणीत गाडी आयडलिंगला उभी असते, म्हणजे बरोबर याच स्क्रूची परीक्षा होते. पण आपण पावती न वाचता डिकीत कोंबतो. २००० नंतरच्या आणि बीएस-४ च्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. पहिला आकडा मर्यादेला टेकला असेल तर मिश्रण रिच आहे. पहिला अगदी नगण्य आणि दुसरा मात्र भरमसाट, असं दिसलं तर खूश होऊ नका, इंजिन इतकं लीन आहे की मधूनमधून ठिणगी पडूनही पेट्रोल जळत नाही आणि तसंच बाहेर येतं. भुकूमच्या अलीकडे एक पीयूसीवाला आहे, तो त्याची नळी सायलेन्सरमध्ये राहू देतो आणि आकडे बघत बघत मला स्क्रू फिरवू देतो. मागे रांग नसेल तरच, आणि चहा माझ्याकडून.