वरचे पैसे राहू द्या!

गेटवे ऑफ इंडियाजवळ टॅक्सीतून उतरणारा परदेशी पाहुणा मीटरपेक्षा बरेच जास्त देतो आणि चर्चगेटला उतरणारा मुंबईकर एकेका रुपयाचा हिशेब मागतो, असे सर्रास बोलले जाते. पण त्यावरून एकाला उदार आणि दुसऱ्याला चिक्कू ठरवणे घाईचे होईल. अमेरिकन माणसाला घरूनच पंधरा-वीस टक्के वर देण्याची सवय असते. जपानमध्ये मात्र ही चालच नाही. जो तो आपल्या गावची रीत बरोबर घेऊन फिरतो.

मुंबईकराचीही रीत होती. तिला त्याने कधी टिप म्हटले नाही, एवढेच. किमान भाडे २८ रुपये होते तेव्हा तीस पुढे करायचे आणि 'राहू द्या' म्हणून उतरायचे. १ फेब्रुवारी २०२५ पासून ते ३१ रुपये झाले. आता सुटा रुपया खिशात नसला, तर 'राहू द्या' म्हणायची पाळी टॅक्सीवाल्यावर येते! मोबाइलवरून पैसे देताना तर ३१ म्हणजे ३१च. सुट्यांची कटकट मिटली. तिच्या आडोशाने दिली जाणारी दोन-चार रुपयांची खुशालीही गेली.

दुसरे टोक याहून वाईट. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'उबर'ला नोटीस पाठवली, ती गाडी येण्याआधीच टिप मागण्यावरून. गाडी लवकर मिळावी म्हणून आधी मोजलेल्या पैशाला बक्षीस कसे म्हणायचे? तो लिलाव झाला. त्यात पैसेवाला पुढे जातो आणि दवाखान्यात निघालेली आजी रस्त्यावर ताटकळते.

भाडे हा टॅक्सीवाल्याचा हक्क आहे. ते पुरत नसेल तर भाडे वाढावे. त्याची चूल पाहुण्यांच्या मर्जीवर पेटू नये. बक्षिसाची जागा प्रवास संपल्यानंतरची. दिवाळीला पोस्टमनला, पेपरवाल्याला आपण आठवणीने पोस्त देतो, कारण ते चेहरे ओळखीचे. टॅक्सीवाला रोज नवा, म्हणून त्याची पोस्त राहून जाते. त्याने जड बॅग उतरवून दिली, मागे राहिलेली छत्री हाक मारून परत केली, तर ३१च्या जागी ४० लिहायला कितीसा वेळ लागतो? शेजारी बसलेली मुले हे पाहत असतात. माणसाच्या कष्टाची कदर ती असल्याच छोट्या हिशेबांतून शिकतात.