ठरावापलीकडचे महाड

गणपती उठले की पोलादपूरच्या वाड्यांतून मुंबईच्या एसट्या भरून निघतात आणि मागे घरांना कुलपे लागतात. गिरण्यांच्या काळापासून इथला माणूस मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून गावचे घर चालवत आला. महाड परिसरातले कितीतरी मुस्लिम तरुण आखातात गेले. आणि इथे, बिरवाडीलगतच्या एमआयडीसीत, उत्तर प्रदेश-बिहारची पोरे रसायनांच्या कारखान्यांत राबतात. त्यांना ‘परप्रांतीय’ म्हणून हिणवणाऱ्यांनी २०२० ची टाळेबंदी आठवावी. तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांनी मुंबईहून पायी आलेल्या स्वतःच्याच चाकरमान्यांना वेशीवर अडवले. परका ठरायला भाषा वेगळी असावी लागत नाही.

या देशात आपले कोण, हा प्रश्न महाडला नवा नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर. प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तेव्हा मुसलमानांच्या घरांत अनेकांना आसरा मिळाला. सत्याग्रहींच्या डिसेंबरमधल्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते या परिषदेत. भारतीय समतेच्या इतिहासातले एवढे मोठे पान एका मुसलमान महाडकराच्या जमिनीवर लिहिले गेले, हे इथल्या शाळांतून आवर्जून सांगितले पाहिजे. तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा खटला मात्र १९३७ पर्यंत चालला.

स्थलांतरित कामगारांच्या कागदावरच्या हक्कांची गतही तशीच आहे. त्यांच्या नोंदणीचा आणि हक्कांचा कायदा देशात १९७९ मध्येच झाला. कारखान्याच्या फाटकावर मात्र कंत्राटदाराचा शब्द चालतो. बाहेरून आलेल्याने मराठी शिकावी, हा आग्रह आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण बारा तासांच्या पाळीनंतर त्याला शिकवणार कोण? नगरपालिका आणि कारखानदारांनी मिळून संध्याकाळचे वर्ग काढावेत. दाखला नाही म्हणून त्याच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारातून परत पाठवू नये. प्रत्येक कंत्राटी कामगाराचे नाव आणि राहण्याचा पत्ता तहसील कचेरीत नोंदलेला असावा. सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ ची. एवढी कामे त्या तारखेपर्यंत व्हायला हवीत.