अशोक चक्र आणि खडकवासल्याची वाट

2026 च्या प्रजासत्ताक दिनी ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांना अशोक चक्र मिळालं. 1984 च्या अंतराळ सफरीबद्दल राकेश शर्मांनाही हाच सन्मान मिळाला होता, आणि त्यांच्यासोबतच्या दोन्ही सोव्हिएत अंतराळवीरांनाही. काहीजण विचारतात, तिथे शत्रू कुठे होता? पण अशोक चक्र आहेच रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी. रॉकेटमध्ये बसणाऱ्याला जिवाची हमी कुणीच देत नाही.

आपल्या घरांसाठी मुद्दा पुढचा आहे. हे दोघंही पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत घडले. म्हणजे वाट आपल्याच महाराष्ट्रातून जाते. परीक्षा वर्षातून दोनदा होते, प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं, आणि 2022 पासून मुलीही दाखल होतात. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स हवं.

पण "आपल्या मुलांना कोण घेणार?" म्हणत आपण फॉर्मच भरत नाही. भेदभावाची तक्रार खोटी नाही. तरी जी परीक्षा दिलीच नाही, तिच्यात नापास कुणी केलं?

टाळ्या वाजवून झाल्या असतील तर दहावीतल्या मुलाला, आणि मुलीलाही, एवढं विचारा: बेटा, अकरावीला मॅथ्स घेणार ना?