विनंती विशेष

राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात मी 1979 ते 2014 अशी 35 वर्षे काढली. या काळात नोकरीसाठी आलेले किती अर्ज माझ्या हातांखालून गेले याचा हिशेब मी ठेवला नाही. पण ते अर्ज डोळ्यांपुढे आणू लागलो की एक विलक्षण गोष्ट घडते. माणसे हजारो आठवतात, पत्र मात्र एकच आठवते. सन्माननीय महोदय, मी नम्रपणे निवेदन करू इच्छितो की, मी कष्टाळू, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक असून, संधी दिल्यास वरिष्ठांच्या पूर्ण समाधानास उतरेन. एवढाच त्याचा इंग्रजीतील आशय. खाली सही तेवढी निराळी.

निवृत्तीनंतरही हे वाचन सुटलेले नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून बेंगळूरुला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी मुलांना कोणीतरी आमचा पत्ता देते. मुले येतात, चहा घेतात आणि संकोचाने एक कागद, हल्ली बहुधा मोबाईल, पुढे करतात. "काका, जरा इंग्रजी तपासून द्याल का?" हा ठरलेला प्रश्न. या लेखात मला जे म्हणावयाचे आहे ते या प्रश्नाविषयीच आहे. तपासावयाचे असते ते इंग्रजी नव्हे, असे माझे मत अनुभवाने बनले आहे.

या वस्तीत मराठी माणसाचे येणे नवे नाही. भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वसलेल्या या उपनगराला आरंभापासून कारखान्यांची सोबत होती. मैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना याच परिसरातला. 1946 साली रवी किर्लोस्कर यांनी स्थापन केलेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीमुळे तर अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. त्या कारखान्याच्या जमिनीवर आज ब्रिगेड गेटवेच्या उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. तेव्हाच्या अर्जदाराला आपल्या गावचा कोणी ओळखीचा फोरमन सापडत असे आणि पत्रातील उणीव त्याच्या एका शब्दाने भरून निघे. आज अर्ज संगणकाच्या पडद्यावर जातो. तेथे कोणी ओळखीचे बसलेले नसते. पत्रालाच बोलावे लागते.

माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1978 साल. वडील निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. मी नुकताच पदवीधर झालो होतो. बाजारातून आणलेल्या एका पत्रलेखनाच्या पुस्तकातून मी एक अर्ज शब्दशः उतरविला आणि तो अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहून अभिमानाने वडिलांपुढे ठेवला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. ते म्हणाले, "मराठीत सांग पाहू, काय लिहिलंयस ते."

मी सांगू लागलो आणि तिसऱ्याच वाक्याला अडखळलो. पुस्तकातील अर्जदाराचे वडील वृद्ध व आजारी होते आणि मोठ्या कुटुंबाचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर होता. माझे वडील धडधाकट समोर बसले होते आणि घर त्यांच्याच पगारावर चालत होते. शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' हे शब्द मराठीत उच्चारताना माझी मान खाली गेली. वडील रागावले नाहीत. "ज्याला आपण पाहिलेलं नाही, त्याचे सेवक कसे रे आपण?" एवढेच त्यांनी विचारले आणि ते वखारीत निघून गेले. तो अर्ज मी पाठविला नाही. पुढे मुलांचे अर्ज वाचताना मीही त्यांना तेच सांगत आलो आहे: हे मला मराठीत सांगा पाहू. जे वाक्य घरच्या माणसापुढे मराठीत म्हणता येत नाही, ते इंग्रजीतही बहुधा खोटे किंवा पोकळ असते.

ही पोकळ भाषा आली कोठून? इंग्रजी अमलात कनिष्ठ कारकुनाने वरिष्ठ साहेबाला लिहावयाच्या पत्राचे एक वळण पडले. 'आय बेग टु स्टेट' हा त्याचा आरंभ आणि 'यूवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' ही त्याची लेखनसीमा. त्या काळी खुद्द इंग्रज अधिकारीही परस्परांना अशाच शब्दांत लिहीत. त्यांच्या लेखी ती केवळ रीत होती. आपण मात्र तिचा शब्दार्थ मनावर घेतला. साहेब गेला, परंतु शाळेच्या वहीतून, मार्गदर्शक पुस्तकांतून आणि कचेऱ्यांबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांच्या हातांतून ते वळण पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिले.

वस्तुतः आपल्याकडे पत्रलेखनाचे शास्त्र परके नाही. यादवकालीन हेमाद्रीच्या नावाशी जोडलेली मेस्तके म्हणजे लेखनव्यवहाराच्या नियमांच्या पोथ्याच होत. बाळाजी आवजी चिटणीस यांना शिवछत्रपतींच्या सेवेत स्थान मिळाले ते राजापुराहून त्यांनी लिहिलेल्या पत्राच्या अक्षरावरून, अशी परंपरागत कथा सांगितली जाते. जुन्या मराठी पत्राची रचनाही पाहण्यासारखी आहे. वडील माणसाला तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव. मग शिरसाष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद. आणि लगेच 'विनंती विशेष'. या 'विशेष' शब्दावर माझा फार लोभ आहे. मायन्यात आदर व्यक्त करून झाला, आता कामाचे ऐका, असे तो शब्द सांगतो. आपल्या मुलांच्या इंग्रजी अर्जांत मायनाच पानभर चालतो आणि 'विशेष' येतच नाही.

या संदर्भात मला श्रीनिवास रामानुजन यांच्या एका अर्जाचे नेहमी स्मरण होते. गणिती म्हणून जगाला ज्ञात होण्यापूर्वी, 9 फेब्रुवारी 1912 रोजी, त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांकडे कारकुनाच्या रिकाम्या जागेसाठी इंग्रजीत अर्ज केला. अर्ज अगदी छोटा आहे. काळाच्या रीतीप्रमाणे 'बेग' हा शब्द त्यातही आहेच. पण पुढे पाहा. आपण मॅट्रिक झालो आहोत, एफ. ए.पर्यंत शिकलो, परंतु प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण पुढे चालू ठेवता आले नाही, हे ते सरळ सांगतात. त्यानंतर, मधला सर्व वेळ आपण गणिताच्या अभ्यासात घालविला आहे आणि नेमणूक झाल्यास या कामाला न्याय देऊ शकू, असा विश्वास व्यक्त करतात. महाविद्यालयाची परीक्षा हुकलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मोजक्या वाक्यांचे धैर्य कळते. अपयश लपविलेले नाही, त्यावर रडगाणेही नाही. आणि त्या काळात काय केले, हे मात्र सांगितले आहे. 1 मार्चला त्यांना दरमहा 30 रुपयांची ती नोकरी मिळाली.

नोकरी केवळ पत्रामुळे मिळाली, असे मी म्हणणार नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र त्या अर्जासोबत होते. पुढे जानेवारी 1913 मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिताना मात्र रामानुजन यांच्याजवळ आपल्या कामाखेरीज दुसरी शिफारस नव्हती. तेथे त्यांनी आपली ओळख थोडक्यात उरकली आणि पाने भरली ती प्रमेयांनी. त्या पत्रात 'विशेष' किती लवकर येतो!

आपण काही रामानुजन नव्हे, असे मुले म्हणतात. खरे आहे. पण प्रत्येकाजवळ त्याने स्वतः केलेले असे काही ना काही असते. दुकानाचा हिशेब सांभाळलेला असतो, महाविद्यालयातील बिघडलेले यंत्र चालू केलेले असते, घरचे आजारपण पाहत पदवी पुरी केलेली असते. ते त्यांना सांगण्याजोगे वाटत नाही, आणि 'हार्डवर्किंग' हा शब्द मात्र वाटतो. कष्टाळू नाही असे आजवर एकाही अर्जदाराने मला कळविलेले नाही. तेव्हा त्या शब्दावरून निवड करणाऱ्याने काय समजावे?

इंग्रजीच्या चुकांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण विषय तोच आहे. 'पास्ड आउट' म्हणजे उत्तीर्ण झालो, असे आपण भारतात समजतो. परदेशी वाचक त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा घेण्याचा संभव असतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. आरंभी केवळ सर किंवा मॅडम असेल तर शेवटी 'यूवर्स फेथफुली', आणि नाव घेऊन आरंभ केला असेल तर 'यूवर्स सिन्सिअरली', हा ब्रिटिश संकेत अजून पाळला जातो. वडिलांचे नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांचे पत्रात काही काम नाही. पत्र एका पानाच्या आत संपावे, आणि कोणत्या जागेसाठी अर्ज आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळावे. याहून अधिक व्याकरण शिकविण्याची मला गरज वाटत नाही. एखाददुसरे अव्यय चुकले म्हणून चांगला उमेदवार आम्ही परत पाठविल्याचे मला स्मरत नाही. (राष्ट्रीयीकृत बँकांतील कारकून व अधिकारी भरतीस 2011 पासून आयबीपीएसची सामायिक परीक्षा लागू झाल्याने तेथे असे पत्र लागत नाही. बँकेच्या शाखेत अर्ज घेऊन येणारी मुले आजही भेटतात, म्हणून हा खुलासा.)

अलीकडे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. मुलांच्या हाती पत्र लिहून देणारी संगणकीय साधने आली आहेत. दोन ओळी सांगितल्या की क्षणार्धात निर्दोष इंग्रजीतील पत्र तयार होते. परवा तीन निरनिराळ्या गावांच्या तीन मुलांनी मला जवळजवळ एकच पत्र दाखविले. तिघेही 'थ्रिल्ड' होते आणि तिघांनाही कंपनीच्या ध्येयदृष्टीने भारावून टाकले होते. पुस्तकातला तो आज्ञाधारक सेवक आता उत्तम कपडे करून आला आहे, एवढाच फरक. या साधनांना माझा विरोध नाही. इंग्रजीची भीती ज्यांनी बाळपणापासून बाळगली, त्यांना व्याकरण सुधारून देणारा मदतनीस फुकट मिळाला, तर त्यात वाईट काय? मात्र सांगावयाची हकीकत त्याच्याजवळ नसते. ती अर्जदारानेच द्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यात निपाणीचा एक मुलगा आला होता. यंत्र अभियांत्रिकीची पदविका आणि बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत दोन वर्षांचा अनुभव. पत्रात तोच कष्टाळू, प्रामाणिक इत्यादी. मी त्याला मराठीत विचारले, "फाउंड्रीत तू नेमकं काय करत होतास?"

"काही विशेष नाही, काका. रिजेक्ट झालेले कास्टिंग मोजायचो."

"मोजून काय करायचास?"

मग पाऊण तास तो बोलत होता. प्रत्येक पाळीत किती नग नाकारले गेले आणि कोणत्या दोषाने, हे तो स्वतःच्या वहीत टिपून ठेवी. पावसाच्या दिवसांत आत पोकळ्या राहिलेले नग वाढतात, हे त्याच्या ध्यानात आले. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहते आणि तिची वाफ ओतलेल्या धातूत अडकते, हे त्याने उस्तादांना दाखविले. वाळूचा ढीग पत्र्याच्या आडोशाला नेला आणि ओलावा रोज तपासण्याचे ठरले. त्यानंतर नाकारलेल्या नगांचा आकडा खाली आला. हे सर्व त्याने हातवारे करीत, डोळ्यांत चमक आणून सांगितले. "हे कुठं लिहिलंयस?" असे विचारताच तो गप्प झाला. "यात काय लिहिण्यासारखं आहे, काका? आणि हे इंग्रजीत कसं सांगायचं?"

आम्ही ते त्याच टेबलावर आधी मराठीत लिहिले. नंतर त्याने एकेक वाक्य स्वतःच इंग्रजीत केले; वाक्ये आखूड झाली, पण सरळ झाली. विशेषणे सगळी गेली. पत्र चौदा ओळींत संपले. ते तीन ठिकाणी गेले. दोन ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही. तिसऱ्या, पिण्याजवळच्या एका कारखान्याने मुलाखतीला बोलावले आणि सोबत एक ओळ लिहिली: ती वही घेऊन या.

वही निपाणीला माळ्यावरच्या ट्रंकेत होती. त्याच्या आईने ती शोधून रात्रीच्या बसच्या कंडक्टरजवळ दिली, आणि पहाटे मेजेस्टिकच्या स्थानकावर ती घ्यायला तो साडेचारपासून उभा होता.