हिरड्यांतलं रक्त आणि गळ्यातली ग्रंथी



आमच्या गटाच्या एका बैठकीत एक जुनी कार्यकर्ती चहाचा कप हातात धरून नुसतीच बसली होती. गरम लागलं की हिरड्या ठणकतात, म्हणाली. मग हळूहळू बाकीचं निघालं. वर्षभर अंगात त्राण नाही, वजन वाढतंय, केसांचे पुंजके हातात येतात, तोंड कोरडं पडतं, सकाळी चूळ भरली की रक्त. घरचे म्हणाले, वय झालं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दातांच्या डॉक्टरांनी 'नीट ब्रश करत नाही' म्हणून सुनावलं आणि हलणारी दाढ काढून दिली. शेवटी तिनेच हट्टाने टीएसएचची रक्ततपासणी करून घेतली. आकडा भलताच वाढलेला होता. म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावली होती.

थायरॉईडचे विकार बायकांना पुरुषांच्या पाच ते आठ पट अधिक होतात. ग्रंथी मंदावण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच तिच्यावर उलटते. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. हिरड्यांच्या आजारातही हीच यंत्रणा गुंतलेली असते. दातांवर साचलेल्या किटणातल्या जंतूंशी ती झगडत राहते, हिरडी सुजते, आणि ही धुमस वर्षानुवर्षं चालली की दात धरून ठेवणारं हाडच झिजतं. सुजेतली द्रव्यं रक्तात मिसळतात, ती तोंडापुरती राहत नाहीत. दुसऱ्या बाजूने, ग्रंथी मंदावली की जखमा सावकाश भरतात. लाळ कमी झाली तर जंतूंचं आणखी फावतं.

हे दोन्ही आजार एकत्र आढळतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. एकामुळेच दुसरा होतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही. मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं जितकं पक्कं ठरलं आहे, तितकं हे अजून नाही. त्यामुळे 'थायरॉईडची गोळी घ्या, दात घट्ट होतील' असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. पण एकाच बाईच्या गळ्याकडे एकाने आणि तोंडाकडे दुसऱ्याने पाहायचं, आणि दोघांनी एकमेकांना काही विचारायचं नाही, हे कुठवर चालवून घ्यायचं?

आपल्याकडे यात मिश्रीची भर. दात दुखतो म्हणून भाजलेली तंबाखू लावायची, बरं वाटतं, मग सवय लागते. शेतावर, विडीच्या कामावर, भुकेला थोपवायलाही ती लावली जाते. तंबाखूने हिरड्या दातांपासून सुटत जातात. बाईला 'व्यसन' म्हणून हिणवण्याआधी तिचा दात पहिल्यांदा दुखला तेव्हा दवाखाना किती लांब होता, तेही विचारावं. बाळंतपणात दात जायचेच, ही आया-आज्यांची समजूतही अशीच. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात हे खरं, पण उपचार केले तर दात वाचतात. त्याच दिवसांत थायरॉईडकडे दुर्लक्ष झालं तर गर्भपाताचा आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीचा धोका असतो.

गोळीचं तर वेगळंच रामायण. ती रिकाम्या पोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास घ्यायची. पहाटे उठून साऱ्या घराचा चहा टाकणाऱ्या बाईने तो तास कुठून आणायचा? लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून तिला चार तास लांब ठेवावं लागतं, नाहीतर ती अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यातून या गोळ्या मुठीने मिळतात, पण ही एवढी गोष्ट किती जणींना सांगितली जाते?

आणि लग्नाच्या मुली. गोळीची बाटली पर्समध्ये लपवून सासरी जाणाऱ्या, मग कुणी पाहील म्हणून ती बंदच करणाऱ्या मुली आम्हाला भेटल्या आहेत. स्थळाला दात दिसतात, हिरड्या दिसत नाहीत. ही फसवणूक नाही, भीती आहे. ती मुलीची एकटीची आहे असं आम्हाला वाटत नाही.

दात काढायला जाताना थायरॉईडचं आधी सांगा. ग्रंथी जास्त काम करत असेल आणि आटोक्यात नसेल, तर भुलीच्या इंजेक्शनमधलं अॅड्रेनालिन हृदयाला त्रासदायक ठरू शकतं. थकव्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हिरड्यांतून रक्त येतं हेही सांगा, कोणी विचारलं नाही तरी.

पुढच्या शिबिरात वजन आणि बीपीच्या टेबलाशेजारी एक खुर्ची दातांच्या डॉक्टर बाईंसाठी ठेवायचं ठरलं आहे. बॅटरी आम्ही आणतो. तुम्ही जुने रिपोर्ट आणा, आणि शेजारणीला बरोबर घेऊन या.