फोन फुटला, तरी नंबर जपा



कळमनुरी तालुक्यातील एका भगिनीचा प्रश्न आहे. हळदीच्या शेतात फोन हातातून निसटला, दगडावर आपटला आणि स्क्रीन गेली. दुकानदार म्हणतो, "जुना दुरुस्त करून काय मिळणार? शून्य टक्क्यावर नवा घेऊन जा. नऊ हप्ते भरा, सोबत नवे सीमही देतो." घ्यावा का?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट लक्षात घेऊ. हातातला फोन आणि आपला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन फुटला म्हणून नंबर बदलावा लागत नाही आणि नवा करारही करावा लागत नाही.

या दोन गोष्टी एकमेकींना बांधण्याचे प्रकार मात्र झाले आहेत. 2003 साली रिलायन्सने 501 रुपयांत फोन दिला, तेव्हा तो त्याच कंपनीच्या सेवेवर चाले. 2017 साली 1500 रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, त्यातही फक्त जिओचेच सीम चालायचे. अमेरिकेत तर कित्येक वर्षे दोन वर्षांचा करार केला तरच फोन स्वस्तात मिळे. ब्रिटनमध्ये एकाच कंपनीला बांधलेले फोन विकायला डिसेंबर 2021 पासून बंदी आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत प्रीपेड रिचार्ज असते, त्यामुळे कंपनीशी करार नसतो. पण आता त्याची जागा हप्त्याच्या कराराने घेतली आहे. फोन फुटला की दुकानदार नेमका तोच पुढे करतो.

म्हणून घाईत सही करू नका. आधी नंबर चालू ठेवा. आधार, बँक, गॅस, रेशन, पीएम किसान, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. फुटलेल्या फोनमधून सीम काढा आणि घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका. नॅनो सीम जुन्या फोनच्या खाचेत बसत नसेल तर त्याचे अॅडॉप्टर दुकानात मिळते. एक लक्षात ठेवा, जिओचे सीम जुन्या टूजी फोनमध्ये चालत नाही, त्यासाठी फोरजी बटणाचा फोन लागतो. कुणाकडून असा फोन आठ-पंधरा दिवसांसाठी मागून घेतला तरी भागते.

फोन बंद आहे म्हणून रिचार्जही सोडून देऊ नका. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर 90 दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला गेला, तर आपल्या खात्याचे निरोप अनोळखी माणसाच्या हातात जातील आणि आपल्याला दारोदार नंबर बदलत फिरावे लागेल. डिसेंबर 2024 च्या ट्रायच्या आदेशानंतर कंपन्यांनी इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज आणले आहेत. बटणाच्या फोनला ते पुरते.

सीमच खराब झाले असेल तर आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि त्याच नंबरचे दुसरे सीम मागा. नवे सीम सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात. त्या दिवशी ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका. कंपनी बदलायची असली तरी नंबर बदलायची गरज नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे.

आता हप्त्याकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात वसूल केले जाते. समजा, एक फोन रोखीने 11,200 रुपयांना मिळतो. तोच हप्त्यावर घेताना 3,000 रुपये आधी, 1,000 रुपयांचे नऊ हप्ते, 600 रुपये फाइल चार्ज आणि 700 रुपये विमा लागला, तर एकूण 13,300 रुपये गेले. वरचे 2,100 रुपये कशाचे? ज्या घरात सूद नको म्हणून बँकेचे कर्जही टाळतात, तिथे हा हिशेब न विचारताच सही होते. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याने सगळे शुल्क आणि एकूण वार्षिक दर लिहिलेला कागद सहीआधी द्यायचा आहे. तो मागा आणि घरी आणून वाचा.

आपल्या हिंगोलीत आणखी एक अडचण आहे. पैसा येतो सोयाबीन विकल्यावर, नाहीतर हळद हिंगोली-वसमतच्या बाजारात गेल्यावर. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. काही हप्त्यांच्या फोनमध्ये एक अॅप असते, हप्ता चुकला की फोन लॉक होतो. शिवाय चुकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलकडे राहते आणि उद्या बँकेत गेल्यावर ती समोर येते. एका फुटलेल्या काचेसाठी एवढे ओढवून घेऊ नये.

मग करायचे काय? आधी दोन दुकानांत दुरुस्तीचा दर विचारा. फक्त काच गेली की आतला डिस्प्लेही गेला, हे स्पष्ट विचारा, कारण दोन्हींच्या खर्चात मोठा फरक असतो. दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आत असेल, तर दुरुस्ती बरी. फोन देताना सीम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. घरातल्या स्त्रियांचे, मुलींचे फोटो आत असतात. काम दुकानात समोर बसून करून घ्यावे आणि फोनचा पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये. ही आपल्या घराची अमानत आहे.

जुना फोन घ्यायचा झाला तर बिलासकट घ्या. *#06# दाबले की 15 अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलाशी ताडून बघा. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो क्रमांक लिहून 14422 वर एसएमएस पाठवला, की त्या फोनची माहिती येते आणि क्रमांक ब्लॉक केलेला असेल तर तेही कळते. पैसे देण्यापूर्वी फोन दुकानातच रीसेट करून आपला जीमेल टाकून बघा. आधीच्या मालकाचे खाते मागत असेल तर तो फोन घेऊ नका.

नवाच हवा असेल तर हंगामापर्यंत थांबा किंवा भिशीचा नंबर लागेपर्यंत बटणाच्या फोनवर भागवा. भावाकडून, नणंदेकडून उसने घेतले तर रक्कम आणि परतीचा महिना दोन ओळींत लिहून ठेवा. नात्यात कटुता येत नाही.

कळमनुरीच्या भगिनीला उत्तर एवढेच: सीम काढून घ्या, नवे सीम घेऊ नका, आधी दुरुस्तीचा दर विचारा. दुकानदाराने बिल नाकारले किंवा फसवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि आजच घरातल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय एका वहीत लिहून बिलांसोबत कपाटात ठेवा. फोन चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करताना हाच क्रमांक मागतात.