संसाराचा जमाखर्च : मोटारीवांचून गुलमंडी

आमच्या शहरानें २०१० च्या ऑक्टोबरांत एकदम दीडशें मर्सिडीझ मोटारी विकत घेऊन साऱ्या देशास तोंडांत बोट घालावयास लाविलें, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेलच. व्यवहार सुमारें पासष्ट कोटींचा होता आणि त्यांतील बराच पैसा स्टेट बँकेनें कर्जाऊ दिला होता. ज्या शहरालगत वाळूज येथें १९८५ पासून बजाजचा कारखाना चालू आहे, आणि शेंद्र्यास स्कोडाच्या मोटारींची जुळणी होते, त्या छत्रपति संभाजीनगरांत ‘आमच्या घरीं मोटार नाहीं’ असें सांगणें म्हणजे जेजुरीस राहून घरांत भंडारा नाहीं म्हणण्यासारखें आहे. ऐकणारा प्रथम अविश्वासानें पाहतो आणि मग कींव करतो.

परंतु त्याच औद्योगिक वसाहतींत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या मनुष्याच्या हातीं महिन्याकांठीं काय पडतें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचें सूत्र असें आहे कीं, पेन्शनपात्र पगारास सेवेच्या वर्षांनीं गुणावें आणि सत्तरानें भागावें. ह्या पगाराची मर्यादा २०१४ च्या सप्टेंबरांत पंधरा हजारांवर नेण्यांत आली. त्या पूर्ण पंधरा हजारांवर अठ्ठावीस वर्षें धरलीं, तरी उत्तर सहा हजार येतें; आणि त्यास महागाईभत्त्याची जोड नाहीं. सरकारी शाळेंतून निवृत्त झालेल्या जुन्या पिढीच्या गुरुजींची गोष्ट वेगळी. त्यांचें पेन्शन महागाईबरोबर थोडें तरी चढतें. इतरांचें जेथल्या तेथें बसून राहतें आणि भाजीचा भाव मात्र पुढें जातो.

ह्या संबंधांत एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांकडे आलें आहे, आणि ह्या खेपेचा मजकूर आम्ही त्यालाच देत आहों. बाई गुलमंडीजवळच्या एका जुन्या वाड्यांत राहतात. पतीचें पेन्शन साडेपांच हजार. निवृत्तीच्या वेळीं मिळालेले पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत ठेविले आहेत. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. धाकटे दीर व जाऊ त्याच वाड्यांत असून चूल एकच आहे. पुण्यास नोकरीस असलेला मुलगा म्हणतो, “बाबा, वाड्यांतला हिस्सा काकांना देऊन टाका. बीड बायपासपलीकडे दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊं आणि ठेवींतून सात लाखांची गाडी घेऊं. आजीला दवाखान्यांत न्यायचें तर केवढे हाल होतात!” मुलाच्या बोलण्यांत माया आहे, हें बाईही मान्य करतात. त्यांचा प्रश्न इतकाच आहे, कीं गाडीवांचून येथेंच राहणें परवडतें म्हणून आपण राहतों आहों, कीं केवळ हट्टानें?

प्रथम कागद-पेन्सिल घेऊं. ह्या बचत योजनेचा व्याजदर २०२३ च्या एप्रिलांत ८.२ टक्के झाला. त्या दरानें पंधरा लाखांचें व्याज तिमाहीस ३०,७५० रुपये, म्हणजे महिना १०,२५० येतें. पेन्शन धरून घरांत १५,७५० रुपये. आतां सात लाख काढून मोटार घेतली, तर राहिलेल्या आठ लाखांवर महिना ५,४६७ रुपये मिळतील. म्हणजे पेट्रोलचा एक थेंबही न जाळतां, गाडी नुसती दाराशीं उभी राहून दरमहा ४,७८३ रुपये खाणार. खातें मुदतीपूर्वी बंद केल्याबद्दल मुद्दलांतून एक ते दीड टक्का कापला जातो, तें निराळेंच. पुढें कायद्यानें भागच असलेला तिऱ्हाइताचा विमा. हजार ते पंधराशें सी. सी. च्या मोटारीस २०२२ च्या जूनपासून त्याचा वार्षिक दर ३,४१६ रुपये ठरला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी हीं सारीं अजून बाकीच आहेत.

दुसऱ्या पानावर रिक्षाचा खर्च मांडूं. आठवड्यांतून तीन वेळां जाऊन-येऊन रिक्षा केली आणि प्रत्येक खेपेस ऐसपैस शंभर रुपये धरले, तर वर्षाचे ३१,२०० होतात. गाडीच्या सात लाखांचें नुसतें व्याज वर्षास ५७,४०० आहे. म्हणजे रिक्षानें मनसोक्त हिंडून २६,२०० रुपये शिल्लक राहतात. त्यांतून लग्नकार्यास किंवा परगांवच्या डॉक्टरांकडे जाण्यास भाड्याची मोटार खुशाल करावी. शिवाय मुद्दल कायम राहतें. तेंही महागाईनें झिजतें, हें खरें. परंतु झिजणें आणि भंगारांत जाणें ह्यांत अंतर आहे.

फ्लॅट स्वस्त पडेल, हा मुलाचा मुद्दाही तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंत शिकागो येथील ‘सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी’ ह्या संस्थेनें २००६ पासून घराचा खर्च आणि जाण्यायेण्याचा खर्च एकत्र मांडण्याची पद्धत पाडली. घर तीस टक्के, प्रवास पंधरा टक्के, मिळून उत्पन्नाच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आंत बसलें तर तें घर परवडतें, असा त्यांचा दंडक. प्रमाण अमेरिकेचें आहे. तें आम्हांस जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. परंतु दृष्टि योग्य आहे. गांवाबाहेरच्या फ्लॅटच्या किंमतींत एक मोटार अदृश्यपणें मिळविलेली असते, ती जाहिरातींत छापीत नाहींत.

आणि गुलमंडीस काय मिळतें? मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, ती पायीं चालणाऱ्याच्या आणि घोडेस्वाराच्या बेतानें. दरवाज्यांतून मोटारींची रांग अडून बसते, हा त्या दरवाज्यांचा दोष नव्हे. सुपारी हनुमानापासून निघावें, तर औरंगपुऱ्याची भाजी, सराफा, पैठण गेटची कापडाचीं व चपलांचीं दुकानें, औषधवाला, सरस्वती भुवन शाळा, बलवंत वाचनालय, खडकेश्वराचें देऊळ हें सर्व साठीच्या मनुष्यास रमतगमत गांठतां येतें. मध्यवर्ती बसस्थानक व घाटी रुग्णालय रिक्षाच्या थोडक्या अंतरावर आहेत. ह्याहूनही मोठी गोष्ट पत्रांत बाईंनीं सहज लिहून टाकली आहे : सासूबाईंस जावेच्या स्वाधीन करून त्यांस संध्याकाळीं तासभर देवळांत किंवा वाचनालयांत जातां येतें. फ्लॅटमध्यें गेल्यावर तो तास कोण देणार? सात लाखांच्या गाडीनें तो मिळत नाहीं आणि बाई ठेवून मिळवावा तर तिचा पगार ह्या पेन्शनांतून निघत नाहीं.

तथापि येथील राहणें म्हणजे निवळ सुख, असें चित्र आम्ही रंगविणार नाहीं. गुलमंडीच्या रस्त्यावर पायीं चालणें हें धाडस आहे. पादचाऱ्यांची जागा दुकानांच्या मांडणीनें आणि उभ्या दुचाक्यांनीं व्यापिलेली. उरलेल्या फटींतून म्हाताऱ्या मनुष्यानें जीव मुठींत धरून जावें. मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हां दहाच्या आंत बाहेरचीं कामें उरकावीं लागतात. रिक्षावाला मीटर टाकण्यास नाखूष असतो आणि पावसांत तर तो राजा. २०१९ सालीं सुरू झालेली शहर बस चांगली आहे. पण गुडघे धरलेल्या मनुष्यास थांब्यावर बसावयास जागा आणि चढावयास दोन क्षण अधिक मिळाले पाहिजेत, ही अपेक्षा पुष्कळदां अपुरी राहते. हे त्रास पैशांत मांडतां येत नाहींत. म्हणून ते नाहींत असें नव्हे.

परंतु गाडी घेतल्यानें त्रास कोणाचा टळेल, हें घरांत उघडपणें बोललें गेलें पाहिजे. चालविणार कोण? मुलगा पुण्यास. बाईंच्या पतींचें वय पासष्ट. पंचावन्न उलटलेल्या मनुष्याचा परवाना आतां पांचच वर्षांचा असतो, त्यास कारण आहे. बाई स्वतः चालवीत नाहींत. म्हणजे आज जी स्त्री मनांत येईल तेव्हां पायांत चपला घालून निघते, तिनें उद्यां “अहो, मला जरा सोडतां का?” असें विचारावयाचें, आणि पतीचे डोळे अधू झाले म्हणजे तेंही विचारावयाचें नाहीं. पुरुषमंडळी हा मुद्दा किरकोळ समजतात. आम्हांस तो सर्वांत वजनदार वाटतो.

लांबच्या प्रवासाबद्दल थोडें. पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांस एस. टी. चा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य झाला, पासष्ट ते पंचाहत्तर ह्या वयास अर्धें भाडें; आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें. ह्या घरापुरतें पाहिलें तर आजींस पैठणास नाथांच्या दर्शनाला किंवा वेरूळास घृष्णेश्वराला जाण्यास भाडें नाहीं, आणि इतर दोघांस निम्में. रेल्वेनें मात्र ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चांत काढून घेतली, त्यामुळें मुंबईच्या तिकिटाचा हिशेब पूर्वीच्या वहीवरून करूं नये.

राहतां राहिली रात्रीबेरात्रीची अडचण, आणि मुलाची खरी भीति तीच आहे. तिला उत्तर दिल्यावांचून वरचे सारे आंकडे फोल होत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य येते. पण ती बोळांत शिरत नाहीं, आणि स्वतःची मोटारही शिरली नसती. म्हणून दोन गोष्टी आजच कराव्या. बोळाच्या तोंडाशीं राहणाऱ्या एका भरंवशाच्या रिक्षावाल्यास महिन्याचें ठराविक गिऱ्हाइक म्हणून बांधून घ्यावें, त्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि बसवून उचलून नेतां येईल अशी हातांची मजबूत खुर्ची दारामागें ठेवावी. दीर घरांत आहेत, दोघे मिळून आजींस कोपऱ्यापर्यंत सहज नेतील. फ्लॅटमध्यें हा दुसरा गडी नाहीं, हें मुलास पत्रानें कळवावें.

मुलाच्या हातून खर्चच व्हावयाचा असेल, तर त्यास काम आहे. पत्रांत बाईंनीं ओझरता उल्लेख केला आहे, कीं न्हाणीघर खालीं व सासूबाईंची खोली माडीवर असून जिना लांकडी, उभा आणि बिनकठड्याचा आहे. आजींचे हाल दवाखान्याच्या वाटेवर होतात त्याहून ह्या जिन्यावर रोज होत असतील. गाडीच्या पहिल्या हप्त्याइतक्या पैशांत सुतार बोलावून दोन्ही अंगांस कठडा बसवावा, पायऱ्यांच्या कडांस खरखरीत पट्ट्या माराव्या, न्हाणींत भिंतीस धरावयाची दांडी लावावी, आणि दीरांशीं बोलून आजींची खाट खालच्या ओसरीलगतच्या खोलींत आणावी. त्या खोलींत सध्यां काय भरलें आहे, हें बाईंनीं लिहिलेलें नाहीं. वाड्यांच्या रिवाजाप्रमाणें मोडकीं पिंपें आणि जुन्या ट्रंका असाव्यात. त्या काढावयास दिवाळीची वाट पाहूं नये.